एम.डेस.साठी सीडचा अर्ज: नाशिकचे उमेदवार नेमके कुठे अडकतात

वेबवरचं व्यावसायिक प्रशिक्षण घडवण्याचं काम करायचं असेल, तर इंटरॅक्शन डिझाइनमधलं (माणूस स्क्रीन किंवा यंत्र कसं वापरतो, त्याची आखणी) एम.डेस., म्हणजे मास्टर ऑफ डिझाइन, हा चांगला मार्ग. त्यासाठीची सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते. अर्ज साधारण ऑक्टोबरपासून, परीक्षा जानेवारीत. वयाची अट नाही, परीक्षा कितीही वेळा देता येते.

पात्रतेत फसगत होते ती पॉलिटेक्निकवाल्यांची. पदवी किंवा पदविका किमान 3 वर्षांची हवी, पण बारावीनंतरची. दहावीनंतर केलेला पॉलिटेक्निक डिप्लोमा एकटा चालत नाही. शाखा कोणतीही चालते, शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज करता येतो.

खरी डोकेदुखी दाखल्यांची. सेतूतून काढलेलं राज्याचं नॉन-क्रीमीलेअर घरात असतं आणि तेच अपलोड होतं. इथे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, तोही माहितीपुस्तिकेत दिलेल्या तारखेनंतरचा. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी पाहा. मराठा समाजासाठीचं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, इथे त्याचा उपयोग नाही. ईडब्ल्यूएसलाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) केंद्राचाच नमुना. निफाड-दिंडोरीकडच्या घरांनी एक लक्षात ठेवा: उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं, तरी कुटुंबाची शेती 5 एकर किंवा जास्त असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला मिळत नाही. प्रांत किंवा तहसील कार्यालयात ‘चार दिवसांनी या’ ऐकावं लागणारच, तेव्हा अर्ज सुरू व्हायची वाट न पाहता सप्टेंबरातच कागद द्या. दाखल्यासाठी हेलपाटे घालताना मुलांची मुदत हुकावी, हे चीड आणणारं आहे.

शुल्क महिला, एससी, एसटी आणि दिव्यांगांना निम्मं; ओबीसी व ईडब्ल्यूएसला सवलत नाही. फोटो, सही अपलोड करा, पैसे भरा, पावती जपा.

आता सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. सीडचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे! निकालानंतर प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो, पुढे पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाचे नमुने) आणि मुलाखत. बोलावणं येईल म्हणून बसून राहिलात तर वर्ष गेलं, कारण गुण एकच वर्ष धरले जातात.

पोर्टफोलिओत नुसते देखणे स्क्रीन भरू नका. समजा, अंबडच्या कारखान्यातल्या ऑपरेटरसाठी यंत्र सुरक्षितपणे बंद करण्याचा धडा केलात. त्याने चुकीचा क्रम निवडला तर स्क्रीनवर फक्त लाल फुली येते, की त्या चुकीने काय अपघात होईल ते दिसतं? नेट मध्येच गेलं तर धडा तिथूनच पुढे सुरू होतो का? पहिला आराखडा, दोन-चार जणांना वापरायला दिल्यावर ते कुठे अडले आणि मग काय बदललं, हे क्रमाने मांडा.