मुळांवरील गाठी

बागेतील बहुवर्षायू झाडांच्या मुळांवर येणारे फुगवटे, गोळे, कंद व आवाळे यांना सरसकट ‘गाठी’ म्हटले जाते. कुंडी बदलताना त्या नजरेस पडतात आणि रोग समजून चांगली झाडेही फेकली जातात. गाठ मुळाला कशी चिकटली आहे हे पाहिले की निम्मे निदान होते. त्यासाठी झाड खसकन न उपटता मुळे पाण्यात हलवून धुवावीत.

गोकर्णासारख्या शिंबावर्गीय, म्हणजे शेंगा धरणाऱ्या, वेलीच्या गाठी मुळाच्या बाजूला लागलेल्या असतात व नखाने अलगद निघतात. ताजी गाठ चिरली तर आत गुलाबी-लाल दिसते. हा रंग लेगहीमोग्लोबिन या प्रथिनाचा. आतले ऱ्हायझोबियम जिवाणू हवेतील नायट्रोजन झाडाला मिळवून देत असल्याची ती खूण होय. जुनी गाठ आतून हिरवट किंवा करडी पडते.

सूत्रकृमींची, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींची, गाठ वेगळी. ती मुळावर बसत नाही, मूळच फुगते. खरवडली तर साल सोलून निघते. अनंत, जास्वंद, निशिगंध व डाळिंब यांवर हा उपद्रव नेहमीचा. मेलॉइडोगायनी वंशाच्या या कृमींची सूक्ष्म पिले मुळाच्या टोकाशी शिरतात, त्यांच्या स्रावाने आतल्या पेशी अवाढव्य वाढतात आणि मादी तिथेच मुक्काम ठोकून शेकडो अंडी घालते. उबदार मातीत एक पिढी सुमारे 3 ते 4 आठवड्यांत पुरी होते. माती ओली असूनही झाड भर दुपारी माना टाकते. मालक आणखी पाणी घालतो, उपयोग शून्य. या गाठींची पहिली नोंद इंग्लंडमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बर्कली यांनी 1855 मध्ये काकडीच्या मुळांवर केली. गोकर्णावर दोन्ही प्रकारच्या गाठी एकाच वेळी असू शकतात, म्हणून एकच गाठ तपासून थांबू नये.

गुलाब व शेवंतीवर जमिनीलगत, खोड व मूळ यांच्या सांध्यावर खडबडीत, पुढे लाकडासारखे टणक होणारे आवाळू दिसले तर ते ॲग्रोबॅक्टेरियमचे. हा जिवाणू जखमेतून शिरून आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घालतो. त्यामुळे नंतर जिवाणू मेला तरी आवाळू वाढतच राहते. या आवाळूचे कारण जिवाणूच आहे हे अमेरिकी शास्त्रज्ञ स्मिथ व टाउनसेंड यांनी 1907 मध्ये दाखवले.

शतावरी व स्पायडर प्लांटची जाड, मांसल मुळे म्हणजे पाण्याचा व अन्नाचा साठा. कुंडीतल्या नेफ्रोलेपिस नेच्यालाही गोल कंद येतात. सायकसची पोवळ्यासारखी फाटे फुटलेली मुळे तर मातीवर डोके काढतात. त्यांत नीलहरित शैवाल राहते. दोऱ्यासारख्या धाग्यांना लागलेले काळपट, चुरडल्यावर वास येणारे कंद मात्र झाडाचे नव्हेत, लव्हाळ्याचे. ते वेचून टाकावेत.

आवाळू सांध्यावरच असेल तर झाड काढून जाळणे बरे. सूत्रकृमीग्रस्त मुळे खतखड्ड्यात टाकू नयेत. त्या कुंडीची माती ओलसर करून एप्रिल-मेच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली 4 ते 6 आठवडे तापवावी. वाफ्यात झेंडू लावल्याने व निंबोळी पेंड मिसळल्याने कृमींची संख्या घटते, पण ते समूळ जात नाहीत.