आधी धार, मग घुमारा

गणपतीला तीन आठवडे राहिले होते. बेळगावात अनगोळमध्ये एका घराच्या माडीवर पोरांची तालीम चालली होती. बाहेर पावसाची झड, आत इलेक्ट्रिक गिटार, अँप आणि फरशीवर ओळीनं मांडलेली पाच पेडलं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या पेट्या. वाजवणारा पोरगा रडकुंडीला आला होता. "दादा, एकेक पेडल लावलं की झकास वाजतंय बघा. ही दोन्ही लावली की नुसता कालवा."

ही दोन्ही म्हणजे सुराचे प्रतिध्वनी काढणारा डिले आणि आवाजाला धार देणारं डिस्टॉर्शन. गिटारची वायर आधी डिलेत, तिथून डिस्टॉर्शनमध्ये आणि मग अँपमध्ये गेली होती. पेडलं ठणठणीत होती, क्रम तेवढा उलटा होता. असला कालवा आपण मंडपात कितीदा ऐकलेला असतो. निवेदकाच्या माइकला एको लावतात, तो आवाज कर्णा फाटेपर्यंत चढवतात आणि हरवलेल्या मुलाचं नाव काही केल्या कळत नाही.

हे का होतं, ते डिस्टॉर्शनच्या पोटात शिरल्याशिवाय समजत नाही. गिटारची तार पिकअपच्या चुंबकासमोर कंपते, तेव्हा चुंबकाभोवतीच्या हजारो वेढ्यांत बारीकशी वीज उमटते. डिस्टॉर्शन पेडल ती अनेक पटींनी फुगवतं आणि मग लाटेचे शेंडे छाटतं. पुष्कळ पेडलांत हे काम सिलिकॉनचे डायोड करतात, साधारण 0.6 व्होल्टच्या वर ते लाटेला जाऊ देत नाहीत. गोलसर लाटेचा माथा दोन्ही बाजूंनी चपटा झाला, की मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे सूरही उमटतात. आवाजाला धार येते ती यामुळे.

आपल्या कानाला ही धार परकी नाही. बेळगावहून रेल्वेनं मिरजेला गेलात तर तिथल्या कारागिरांना तंबोऱ्याची जवारी काढताना बघा. घोडीचा माथा किंचित उताराचा ठेवतात, तार त्याला घासत कंपते आणि एका तारेतून स्वरांचं मोहोळ उठतं. तंबोऱ्याची तार साध्या तारेच्या नियमात बसत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 साली दाखवून दिलं होतं. जवारी तारेवरच काम करते आणि डिस्टॉर्शन विजेवर, पण नव्या स्वरांची भर दोन्हीकडे पडते.

आता डिले आधी लावून बघू. समजा मूळ सूर 200 मिलिव्होल्टचा आहे आणि प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्याच्या निम्मा: 100, 50, 25. डिस्टॉर्शननं सगळे 20 पटींनी वाढवले, तर व्हायला हवे होते 4, 2, 1 आणि 0.5 व्होल्ट. पण छत 0.6 वर आहे. म्हणजे पहिले तिघे एकाच उंचीचे झाले आणि चौथाही फार मागं राहिला नाही. विरत जाण्यातच ज्याची गोडी, तो प्रतिध्वनी विरेनासा झाला!

याहून वाईट गोष्ट पुढं आहे. मागच्या सुराचा प्रतिध्वनी आणि आत्ताचा सूर एकत्रच छाटले जातात, आणि छाटताना त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे सूरही जन्मतात. 110 हर्ट्झचा सा आणि त्याचा 165 हर्ट्झचा पंचम घेतला, तर वजाबाकी 55 आणि बेरीज 275. सगळे 55 च्या पाढ्यातले, म्हणून ते एकमेकांत मुरतात. रॉकवाले सा-पची जोडी इतकी का वापरतात, त्याचं मोठं कारण हे आहे. गांधार मात्र अडतो. शुद्ध गांधार 137.5 ला हवा, पण गिटारच्या पडद्यावर तो 138.6 ला, जरासा चढा मिळतो. साच्या पाचपट म्हणजे 550 आणि या गांधाराच्या चौपट म्हणजे 554.4, या दोघांत सेकंदाला चार-साडेचार थरथरी उठतात आणि धार चढली की त्या ठळक होतात. त्यात मागच्या सुरांचे प्रतिध्वनी मिसळले, की झाला कालवा.

म्हणून आधी डिस्टॉर्शन, मग डिले, शेवटी मोठ्या खोलीसारखा घुमारा देणारा रिव्हर्ब. निसर्गाचाही क्रम हाच आहे: गळ्यातून आवाज आधी निघतो, मग भिंतींवर आपटतो. डिले आणि रिव्हर्ब यांची आपापसात अदलाबदल केलीत तर फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही लाटेच्या नकला जोडतात, तिला छाटत नाहीत. खरा प्रश्न छाटणाऱ्या पेटीच्या आधी काय आणि नंतर काय, एवढाच.

अँपचं स्वतःचं डिस्टॉर्शन वापरत असाल तर छाटणारी पेटी अँपच्या आतच बसलेली असते. मग पुढच्या जॅकला लावलेलं सगळं तिच्या आधीच येतं. पुष्कळ अँपच्या पाठीमागं सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतात; ती प्रीअँप (धार देणारा भाग) आणि पॉवर अँप (आवाज मोठा करणारा भाग) यांच्या मधली वाट. डिले तिथं लावावा.

तारा सुरात लावायचा ट्यूनर सगळ्यांत आधी. व्हॉल्यूम पेडल डिस्टॉर्शनच्या आधी ठेवलं तर त्यानं धार कमी-जास्त होते, नंतर ठेवलं तर फक्त आवाज लहान-मोठा होतो.

माडीवर आम्ही दोन वायरी बदलल्या. पोरानं तोच तुकडा वाजवला आणि शेवटचा सूर पावसाच्या आवाजात विरेपर्यंत कुणी बोललं नाही. मग फेजरही, म्हणजे आवाज घोळवणारं पेडलही, डिस्टॉर्शनच्या नंतर न्यावं का, असं त्यानं विचारलं. दोन्हीकडे लावून बघ म्हटलं. डिस्टॉर्शनच्या आधी ठेवल्यावर फेजर घशातल्या घशात घोळल्यासारखा वाजत होता, आणि त्याला तेच आवडलं. "हे राहू दे की असंच," म्हणाला, आणि तालीम पुन्हा सुरू झाली.