त्रेसष्ट ऐकायचं, सहा आधी लिहायचा

‘त्रेसष्ट’ म्हणून बघा. कानावर आधी तीन पडतो, मग साठ. लिहिताना मात्र सहा आधी काढायचा आणि तीन नंतर. आपल्या हाताला वळण पडलं आहे, म्हणून ही उलटापालट जाणवत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला ती दर आकड्याला करावी लागते, आणि मग पाटीवर 63 च्या जागी 36 उमटतात. मुलाला ओरडा बसतो. चूक खरं तर त्याच्या कानाने प्रामाणिकपणे ऐकल्याची असते.

ही अडचण मनावर घेणाऱ्या मंगला नारळीकर स्वतः संख्यासिद्धांताच्या अभ्यासक होत्या. जन्म 17 मे 1943, माहेरचं आडनाव राजवाडे. 1964 साली मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत गणितात पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन सुरू झालं. मग जयंत नारळीकरांशी लग्न, केंब्रिजचा संसार, तिथलं अध्यापन, 1972 मध्ये पुन्हा मुंबई. घर आणि तीन मुली सांभाळत प्रोफेसर के. रामचंद्र यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच. डी. केली ती 1981 साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

आपल्याकडे त्यांची ओळख बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावाने करून दिली जाते आणि प्रबंधाचा विषय कुणी सांगत नाही. मला तो सांगायचाच आहे, कारण तो सुंदर आहे.

वर्गसंख्यांचे व्यस्त घेऊन बेरीज करत जा: 1 + 1/4 + 1/9 + 1/16 आणि असंच पुढे, न थांबता. आता दुसरीकडे 2, 3, 5, 7 या मूळ संख्या घ्या. प्रत्येकीचा वर्ग काढा, त्याला त्याच्याहून एकाने लहान असलेल्या संख्येने भागा आणि सगळ्यांचा गुणाकार करत जा: 4/3 × 9/8 × 25/24 × 49/48... बेरजेत सगळ्या संख्या आहेत, गुणाकारात फक्त मूळ संख्या. तरी दोन्हींचं उत्तर एकच येतं, सुमारे 1.645. गणिती ऑयलरने अठराव्या शतकात हे दाखवलं. वर्गाऐवजी दुसरा कोणताही घात घेता येईल अशी मोकळीक ठेवली, की तयार होतं ते झीटा फल, म्हणजे घात दिला की उत्तर देणारं ‘फंक्शन’. मूळ संख्या संख्यारेषेवर कशा विखुरल्या आहेत याचं गुपित त्यात दडलेलं आहे. हे फल नेमकं कुठे किती मोठं होईल हे सांगणं फार अवघड. मग गणिती वेगळा प्रश्न विचारतात: लांबच लांब पट्ट्यावर त्याची सरासरी किती? मंगलाताईंनी झीटा आणि तिच्या जवळच्या फलांच्या अशाच सरासरींवर काम केलं.

पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी शिकवलं, ‘गणितगप्पा’ आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’ लिहिली. बालभारतीच्या गणित समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असताना, 2019 साली, दुसरीचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ आणि त्रेसष्टच्या जोडीला ‘साठ तीन’ होतं. मोठा गदारोळ झाला. मराठी बुडाली, इथवर बोललं गेलं. जुने शब्द पुस्तकात होतेच, ते काढून टाकलेले नव्हते.

बावन्न, त्रेपन्न हे शब्द मलाही प्रिय आहेत. पण ते शिकणं किती कठीण आहे ते पाहा. तीनचं रूप तेवीसमध्ये ‘ते’, त्रेचाळीसमध्ये ‘त्रे’, त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. वर जोडाक्षरं. शेजारच्या कानडी आणि तेलुगू मुलांना वीस आधी, एक नंतर असंच म्हणायला मिळतं. नॉर्वेमध्येही पूर्वी एकक आधी उच्चारत. टेलिफोन नंबर सांगताना घोटाळे होऊ लागले, तेव्हा 1951 पासून तिथे दशक आधी म्हणण्याची पद्धत अधिकृत झाली.

त्या वादात हातच्याच्या बेरजेबद्दल फारसं कुणी बोललं नाही. सत्तावीस अधिक पस्तीस. शब्दांवरून मुलाला काहीच धरायला मिळत नाही, ‘पस्तीस’मध्ये पाच कुठे आहे ते त्याला शोधावं लागतं. तेच ‘वीस सात अधिक तीस पाच’ म्हणा. वीस आणि तीस, पन्नास. सात आणि पाच, बारा. पन्नास आणि दहा साठ, उरले दोन. साठ दोन. मग शेजारी बसलेल्या आजीने सांगावं, याला आपण बासष्ट म्हणतो.