पुराच्या बोटीचा खालचा डबा

नाशकात पुराचं माप एकच, रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं एवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही. पण ती वेळ यायच्या आधी, मे महिन्यातच, रेस्क्यू बोटींच्या मोटरी उघडून बघाव्या लागतात, आणि यंदा सातपूरला मित्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी एक आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मोटर, आली होती. तिच्या खालच्या डब्यातलं तेल काढायचा स्क्रू, ड्रेनचा, काढला तर तेल बाहेर आलं ते चहासारखं दुधाळ. म्हणजे पाणी आत. पंखा काढून बघितलं तर शाफ्टला नायलॉन मांजा गच्च गुंडाळलेला, त्याने ऑइल सील, म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी, पार कापलं होतं. संक्रांत जानेवारीत होते हो, मांजा नदीत वर्षभर असतो.

खोलायला अर्धा तास लागला, जोडायला दोन संध्याकाळी.

या मोटरचं इंजिन वर, पंखा खाली पाण्यात आणि मधे उभा शाफ्ट. उभं फिरणं आडवं करायचं काम खालच्या डब्याचं, म्हणजे लोअर युनिटचं. उभ्या शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन गिअर, त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे गिअर, दोन्ही कायम त्यात अडकलेले, त्यामुळे एक सुलट फिरतो तेव्हा दुसरा उलट. गंमत म्हणजे हे दोघं पंख्याच्या शाफ्टवर मोकळेच फिरत असतात, शाफ्टशी काही देणंघेणं नाही. मधे एक दातेरी ठोकळा, डॉग क्लच, तो पुढच्या गिअरला भिडला की बोट पुढे, मागच्याला भिडला की रिव्हर्स, मधेच थांबला की न्यूट्रल. बाइकसारखं क्लच हळूहळू सोडायचे लाड नाहीत, थेट दातात दात, म्हणून गिअर टाकायचा तो इंजिन हळू असताना आणि एका झटक्यात. घाबरत टाकला की दातांचे कोपरे उडतात.

मग वॉटर पंप. रबरी पाकळ्यांचा इंपेलर शाफ्टवर एका छोट्या चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने, अडकतो, पण तो ज्या वाटीत फिरतो ती मुद्दाम एका बाजूला सरकलेली असते. त्यामुळे पाकळ्या एकीकडे जास्त दुमडतात, दुसरीकडे उघडतात, उघडताना पाणी ओढतात आणि दुमडताना वर इंजिनकडे ढकलतात. वाटी बसवताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेने फिरवत फिरवत दाबायची, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला झुकतात. आणि पाण्याशिवाय मोटर चालू करून बघायची हौस अजिबात नको, पाणी हेच त्या रबराचं वंगण, कोरडं घासलं की मिनिटभरात वाट लागू शकते.

खरा कस लागतो डबा वर चढवताना, कारण आत काही दिसत नाही आणि तीन गोष्टी एकदम बसायला हव्यात: शाफ्टचे स्प्लाइन (टोकाजवळच्या उभ्या खाचा, ज्या इंजिनात अडकतात), गिअरचा रॉड, पाण्याची नळी. आम्ही तीनदा खाली घेतला. शेवटी एकाने वरून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, जरासं फिरवलं आणि डबा आपोआप अर्धा इंच वर सरकला, तेव्हा कळलं स्प्लाइन बसले. स्प्लाइनला ग्रीस लावायचं ते फक्त बाजूंना, टोकावर नाही, कारण इंजिनातल्या ज्या भोकात ते टोक जातं ते वरून बंद असतं, त्यात अडकलेलं ग्रीस दबत नाही, आणि आपण बोल्ट आवळत गेलो की सगळा जोर शाफ्टवर येतो.

तेल मात्र खालून वर भरायचं. वरून ओतलं तर चिंचोळ्या बाटलीसारखं होतं, हवा आतच अडकते आणि डबा भरला असं उगाच वाटतं. खालून पंपाने भरत जायचं, वरच्या भोकातून तेल आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालची नळी काढायची. वरून हवा जायला वाट नाही म्हणून तेल भसकन सांडत नाही, स्क्रू लावायला तेवढी सवड मिळते.

दुसऱ्या दिवशी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मोटर उभी केली, दोरी ओढली. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सुटली, म्हणजे पंप चालू, आणि पहिली थेट मित्राच्या शर्टावर गेली.