पार्टिझन शस्त्रपथकांच्या लघुमूर्ती

पार्टिझन शस्त्रपथकांच्या लघुमूर्ती : टेबलावर खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक युद्धखेळांत छापामारांची मशीनगन, उखळी तोफ किंवा रणगाडाभेदी रायफल आणि ती चालवणारी दोन-तीन माणसे दाखवणारे मूर्तिसंच. युगोस्लाव्ह, इटालियन आणि फ्रेंच छापामारांचे संचही मिळतात. या नोंदीत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत पार्टिझनांचा, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला लढणाऱ्या छापामारांचा, विचार केला आहे.

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे मांडतो ते शोभेसाठी. इथे मूर्ती जागची हलते ती नियमाने. अंतर इंचांच्या टेपने मोजतात, गोळी लागली की नाही हे फासे ठरवतात. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांसाठी असे नियम छापले होते. सध्याच्या ‘बोल्ट ॲक्शन’ (२०१२) या खेळात मध्यम मशीनगनचे पथक एका फेरीत सरकले, तर त्याच फेरीत त्याला गोळीबार करता येत नाही. म्हणून पथक कुठे बसवायचे, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

नियमित सैन्याची मूर्ती गणवेशावरून ओळखू येते. पार्टिझनांना गणवेश नव्हता. कुणाच्या अंगावर कापूस भरलेले जाकीट, कुणाच्या अंगावर शत्रूचा काढून घेतलेला कोट, टोपीवर लाल फीत; आणि बायकाही बंदूक घेऊन उभ्या. त्यामुळे पथकाची खरी ओळख शस्त्रात असते, कारण प्रत्येक शस्त्र कुठून तरी आलेले असते. १९४१ च्या माघारीत सोव्हिएत लाल सैन्याने मागे टाकलेली शस्त्रे जंगलात सापडत, काही जर्मनांकडून हिसकावली जात आणि पुढे काही विमानाने येत. ३० मे १९४२ रोजी मॉस्कोत पार्टिझन चळवळीचे मध्यवर्ती मुख्यालय स्थापन झाले आणि पुरवठ्याला काहीशी शिस्त आली. सोव्हिएत मॅक्झिम मशीनगनशेजारी जर्मन एमजी ३४ मशीनगन ठेवणे म्हणूनच चूक नाही. उलट सगळी शस्त्रे एकाच बनावटीची असलेला संच मला अपुरा वाटतो.

या मूर्ती सहसा २८ मिलिमीटरच्या असतात. ही उंची बहुधा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात. सोबतच्या वाहनांसाठी १:५६ हे प्रमाण रूढ आहे. पीटीआरडी ही रणगाडाभेदी रायफल प्रत्यक्षात सुमारे २ मीटर लांब आणि १७ किलोहून जड होती. त्या प्रमाणात ती ३६ मिलिमीटर भरते, म्हणजे चालवणाऱ्या माणसाहून लांब. इतकी बारीक नळी धातूत नीट ओतली जात नाही, ओतली तरी वाकते. म्हणून शिल्पकार ती मुद्दाम जाड करतात. जाडी वाढवली तर चालते, लांबी मात्र कमी करू नये. ती दोन माणसांनी वाहण्याची रायफल आहे हे त्या लांबीवरूनच कळते.

मूळ नमुना पूर्वी दोन घटकांच्या इपॉक्सी पुट्टीत हाताने घडवत. आता तो संगणकावरही घडवतात. त्यावरून रबरी साचा करून तो फिरवत त्यात व्हाइट मेटल हा लवकर वितळणारा मिश्रधातू ओततात. रेझिन आणि प्लास्टिकच्या मूर्तीही असतात. सुटे भाग चिकटवून, प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, मारून मग रंगकाम होते. पथकाची सगळी माणसे आणि शस्त्र अनेकदा एकाच रुंद गोल बैठकीवर बसवतात.

चाकांच्या गाड्यावरची, ढालीसह मॅक्झिम साठ किलोहून जड भरे. जंगलात, दलदलीत ती ओढत नेणे म्हणजे मरणाचे काम, शिवाय दारूगोळ्याची कायम चणचण. युक्रेनमधील पार्टिझन नेता कोवपाक याच्या तुकडीने १९४३ मध्ये कार्पेथियन डोंगरांवर चढाई केली तेव्हा तोफा बरोबर नेल्या होत्या. वेढ्यातून निसटताना त्या नष्ट कराव्या लागल्या. त्यामुळे खेळाडूने टेबलभर उखळी तोफा मांडल्या तर ते चित्र खरे वाटत नाही. ४७ गोळ्यांची तबकडी लागणारी हलकी डीपी मशीनगन पार्टिझनांच्या हाती अधिक शोभते. शस्त्र रोखून बसलेले पथक बहुतेक संचांत असतेच. खांद्यावर नळी, पाठीवर गोळ्यांची पेटी घेऊन निघालेले पथक क्वचित घडवले जाते, आणि छापामारांचा बराचसा वेळ तर असा चालण्यातच जात असे.