डिलिव्हरीवाल्याचा मालक कोण? बिडी कारखान्यापासून ॲपपर्यंत

घरकुलाचा अर्ज असो, बँकेचं कर्ज असो की नागपूरच्या मानेवाड्यातली भाड्याची खोली, पहिला प्रश्न ठरलेला असतो: काम कुठे करता? बर्डी-धरमपेठेत दिवसभर जेवणाची पार्सलं पोहोचवणारा पोरगा टी-शर्टवरचं नाव सांगतो. मग सॅलरी स्लिप मागितली जाते आणि तिथे अडतं. कंपनीच्या लेखी तो नोकर नाही, ‘डिलिव्हरी पार्टनर’ आहे.

हा घोळ ॲपवाल्यांनी आणला, असं सर्रास म्हटलं जातं. पण नागपूरनं हाच वाद एकदा थेट सुप्रीम कोर्टापर्यंत नेलेला आहे, तोही बिडीवरून.

नागपुरातल्या एका बिडी कारखान्यातल्या तीन कामगारांनी १९५५ च्या भरपगारी रजेचे पैसे मागितले. मालकपक्षाचं म्हणणं होतं की हे कामगारच नव्हेत. मनात येईल तेव्हा येतात, मनात येईल तेव्हा जातात, जितक्या बिड्या वळतील तितकी मजुरी घेतात. आजच्या कंपन्या ‘पार्टनर हवं तेव्हा लॉगिन करू शकतो’ म्हणतात, तोच हा युक्तिवाद. ९ डिसेंबर १९६० रोजी बिरधीचंद शर्मा विरुद्ध पहिले दिवाणी न्यायाधीश, नागपूर या खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो फेटाळला. कोर्टानं बारकावे पाहिले. दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नव्हतं. सलग आठ दिवस न आलेल्याला काढता येत होतं. दर्जात न बसणारी बिडी नाकारली जात होती. येण्याजाण्याची मोकळीक असली तरी कामावर नियंत्रण मालकाचंच आहे, तेव्हा हे कारखाना कायद्याखालचे कामगारच, असा निकाल लागला. रात्रीच्या गर्दीच्या वेळी लॉगिन नसेल तर इन्सेंटिव्ह जातो, रेटिंग पडलं की आयडी ब्लॉक होते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना या निकालातलं काहीच परकं वाटणार नाही.

मात्र हे तिघे कारखान्यात बसून काम करणारे होते. ठेकेदाराकडून पानं-तंबाखू घेऊन घरी बिड्या वळणारे या निकालाबाहेरच राहिले, आणि त्यांचा प्रश्न कोर्टानं नव्हे, कायद्यानं सोडवला. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी काम करणाऱ्यांनाही कामगार ठरवलं. १९७६ मध्ये बिडीवर उपकर बसला, कल्याण निधी उभा राहिला आणि कामगाराच्या हातात ओळखपत्र आलं. त्या कार्डावर दवाखाना मिळाला, मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, घरासाठी अनुदान मिळालं. २०१६ च्या सुधारित योजनेत हे अनुदान दीड लाख रुपये होतं. यामागे जुनी चळवळ होती हे नागपूरशेजारच्या कामठीकरांना सांगायला नको. १९३७ साली मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेलेल्या बाबू हरदास यांनी इथल्या बिडी कामगारांना संघटित केलं होतं. माझ्या मते सर्वसामान्य कामगाराला निकालापेक्षा ते कार्डच जास्त कामी आलं. घरकुलाच्या खिडकीवर निकालाची प्रत कोण वाचतो?

महाराष्ट्रानं आणखी एक वाट काढली, १९६९ च्या माथाडी कायद्याची. कळमना बाजारात हमाल एका दिवसात चार अडत्यांचा माल उतरवतो. मग त्याचा मालक कोणता? कायद्यानं हा प्रश्नच बाजूला ठेवला. हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरी आणि लेव्हीही (मजुरीवर मालकानं कल्याणासाठी भरायची जादा रक्कम) मंडळामार्फत. मालक चार असले तरी हिशेबाचा कागद एकाच ठिकाणचा.

ॲपवर काम करणाऱ्यांसाठी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली. ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावं लागलं. तिनं गिग कामगाराला पहिल्यांदा कायद्यात नाव दिलं, पण व्याख्या केली ती ‘पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर’ कमावणारा अशी. कंपनीनं उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची, कमाल मर्यादा कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्के. म्हणजे कल्याणाची सोय झाली, पण नोकर नसल्याचा शिक्काही बसला.

आयकरात हा शिक्का आधीपासूनच होता. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात पगारावर कलम १९२ नं टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) जायचा आणि त्याचा दाखला म्हणून फॉर्म १६ मिळायचा. रायडरच्या, म्हणजे डिलिव्हरीवाल्याच्या, पेआउटवर बहुतेकदा कलम १९४सी नं, म्हणजे ठेकेदार म्हणून, १ टक्का कापला जायचा आणि मिळायचा फॉर्म १६ए. नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट (पावत्यांशिवाय उत्पन्नातून वजा होणारी रक्कम) आहे, ‘ठेकेदारा’ला नाही. समजा वर्षाचं पेआउट ३,६०,००० रुपये झालं. टीडीएस गेला ३,६००. तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. भरून देणारा त्याच कायद्याचं कलम ४४एडी (छोट्या धंद्यांना जमेच्या ठराविक टक्के नफा धरू देणारं) लावायचा आणि डिजिटल जमेवर किमान ६ टक्के नफा दाखवून मोकळा व्हायचा. वर्षाचं उत्पन्न २१,६००! रिफंड येतो, पोरगा खूश. दोन वर्षांनी तोच कागद घेऊन तो गृहकर्जाला जातो, तेव्हा बँकेला दिसतं की हा महिना १,८०० रुपयांत जगतो.

राहिला उत्पन्नाचा दाखला. म्हाडाच्या सोडतीला विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा हा दाखला चालतो. दाखल्यासाठी लागणाऱ्या पुराव्यांची यादी सेतू केंद्रात लावलेली असते. पगारदारानं फॉर्म १६ आणावा, निवृत्तानं बँकेचा दाखला, जमीनमालकानं सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल. रायडर यातल्या कशातच बसत नाही. त्याच्यासाठी उरतं विवरणपत्र किंवा मंडळ अधिकाऱ्याचा पडताळणी अहवाल, आणि विवरणपत्राची गत वर सांगितलीच.

२०२५ च्या अर्थसंकल्पात गिग कामगारांना ओळखपत्र आणि असंघटित कामगारांसाठीच्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी जाहीर झाली. ई-श्रम २६ ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे. पण तिथलं उत्पन्न कामगारानंच सांगितलेलं असतं, त्यावर बिडी कारखानदार किंवा माथाडी मंडळासारखी कुणाची सही नसते.

खरा नफा ६ टक्क्यांहून जास्त असेल तर तो तसाच दाखवावा, हे ४४एडी मध्येच लिहिलं होतं. वरच्या उदाहरणात पेट्रोल आणि गाडीचा खर्च १,२०,००० गेला असं धरलं, तर उत्पन्न २,४०,००० होतं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे, म्हणजे खरा आकडा लिहिल्यानं खिशातून काही जात नाही आणि बँकेपुढे ठेवायला कागद तयार होतो. पंतप्रधान आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटकाची कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. तिथे २,४०,००० बसतात, पण २६एएस मध्ये (आयकर खात्याकडचा टीडीएसचा वार्षिक तपशील) उमटलेले ३,६०,००० पाहून अर्ज बाजूला पडू शकतो. म्हणून पेट्रोलच्या पावत्या आणि गॅरेजची बिलं जपून ठेवलेली बरी.