वर्गणी की आगाऊ किंमत? चाहत्यांच्या गेमिंग मासिकामागच्या वादाची पार्श्वभूमी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या काही तरुणांनी व्हिडिओ गेमवर मराठीतून छापील मासिक काढायचे मनावर घेतले आहे, आणि त्यासाठी वाचकांकडून आधीच पैसे गोळा करावेत की नाही यावरून त्यांच्यात दोन तट पडले आहेत. त्यांचा नमुना अंक मी चाळला. झेरॉक्सवर काढलेली, मधोमध दोन पिना मारलेली चोवीस पाने, पावसाळी हवेने मऊ पडलेल्या कडा, आणि मधल्या जोडपानावर एका जुन्या खेळातल्या भुयाराचा पेनने काढलेला नकाशा. त्या नकाशावर कुणीतरी कित्येक रात्री खर्ची घातल्या आहेत हे पाहताक्षणी कळते, म्हणूनच हा वाद नीट समजून घ्यावासा वाटतो.

गेमवरची मासिके मुळात धंदा म्हणून निघाली. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ सुरू झाले, त्याच वर्षी अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ आले आणि १९८८ मध्ये खुद्द निन्टेन्डो कंपनीने ‘निन्टेन्डो पॉवर’ काढले. पुढे खेळांची माहिती इंटरनेटवर फुकट मिळू लागली, जाहिराती तिकडे वळल्या, आणि डिसेंबर २०१२ मध्ये ‘निन्टेन्डो पॉवर’चा शेवटचा अंक निघाला. लगेच जानेवारी २०१३ मध्ये, कंपनीचा काही संबंध नसताना, ‘निन्टेन्डो फोर्स’ हे त्याचा वारसा सांगणारे नियतकालिक बाहेर पडले. सुरुवातीला मागणी येईल तेवढ्याच प्रती छापून ते चालवले गेले. नंतर दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या वाचकांचा आधार त्याला मिळाला.

ही सोय इंटरनेटवर लोकांकडून पैसे गोळा करून देणाऱ्या नव्या मंचांमुळे झाली. २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरवर ठरलेल्या मुदतीत उद्दिष्टाएवढी रक्कम जमली नाही, तर कोणाचेही पैसे कापले जात नाहीत. २०१३ मध्ये आलेल्या पेट्रिऑनवर रक्कम दरमहा जाते. पहिली पद्धत एखाद्या अंकाला किंवा पुस्तकाला मानवते, दुसरी नियतकालिकाला. वरच्या तरुणांच्या वादाचे मूळ बरेचसे इथे आहे, कारण त्यांना पैसे हवे आहेत एकरकमी आणि वचन द्यायचे आहे दर महिन्याचे.

छापील नियतकालिक या किनारपट्टीला नवे नाही, आणि आधी पैसे, मग अंक ही रीतही मराठीला परकी नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे याच किनारपट्टीचे. ते पत्र १८४० पर्यंत चालले. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली, आणि दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी करून ठेवणारी घरे कोकणात आजही आहेत. शेजारच्या गुजरातेत पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन १९७६ चा ‘मंथन’ हा चित्रपट उभा केला, हेही अनेकांना ठाऊक आहे.

मात्र या सगळ्याला एकच नाव देण्यात घोटाळा होतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये क्राउडफंडिंगवर, म्हणजे पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्यावर, जे चर्चापत्र काढले, त्यात देणगी, मोबदल्याच्या बोलीवर दिलेले पैसे, कर्ज आणि भागभांडवल असे चार प्रकार वेगळे मांडले होते. आपल्या गावात देवळाच्या जीर्णोद्धाराला चाकरमानी मुंबईहून पैसे पाठवतो ती वर्गणी. तिच्या बदल्यात तो वस्तू मागत नाही, पण पावती मागतो, आणि जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लागलेला पाहतो. अंकाच्या नावाने घेतलेले पैसे ही आगाऊ किंमत आहे. अंक हाती पडला नाही तर ती परत केलीच पाहिजे. नमुना अंकाच्या मागच्या पानावर मुलांनी ‘ऐच्छिक वर्गणी’ लिहिले आहे आणि खाली बारा अंकांचे वचन दिले आहे. विरोध करणाऱ्यांचे बोट नेमके याच दोन ओळींवर आहे, आणि मला ते रास्त वाटते.

बाकीचे आक्षेप कमी वजनाचे नाहीत, पण त्यांवर उपाय आहेत. खेळांतली चित्रे कंपन्यांच्या मालकीची असतात. परीक्षणापुरती ती वापरणे वेगळे आणि मुखपृष्ठावर छापून अंक विकणे वेगळे, त्यामुळे हाताने काढलेले नकाशे हेच या अंकाचे खरे बळ ठरावे. नियमित नियतकालिक काढायचे तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे नोंदणीही करावी लागेल.

सध्या गटापुढे दोन मसुदे आहेत. एकात वर्षभराचे पैसे आधी घ्यायचे आहेत. दुसऱ्यात फक्त पहिल्या अंकाची किंमत घ्यायची, पावतीवर अंकाचा क्रमांक आणि पैसे परत करण्याची तारीख छापायची, आणि छपाईचे बिल दुसऱ्या अंकात जसेच्या तसे द्यायचे, असे आहे. दुसऱ्या मसुद्याच्या पावतीपुस्तकाचा नमुना छापून तयार आहे. स्थळप्रतीवर परताव्याच्या तारखेची जागा अजून कोरी आहे.